हप्त्याच्या नावाने येणारी फाइल

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात मिळतात. या योजनेच्या नावाने भामटे व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल धाडतात. ती उघडून ॲप बसविल्यास व मागितलेल्या परवानग्या दिल्यास मोबाइलवरील संदेश व ओटीपी त्यांच्या हाती पडतात आणि खाते रिकामे होते. पावती व लेबल नसलेले कपाशीचे बियाणे जसे घेऊ नये, तशीच अशी फाइल उघडू नये. फसवणूक झाल्यास बँकेस व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब न केल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याचा संभव असतो.