आपला प्रदेश आणि राष्ट्र

राष्ट्राची ओळख भूगोल घडवितो, असे आपण शाळेत शिकलो. चंद्रपूर-गडचिरोलीपुरते ते बरेचसे खरे आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या नद्या आणि हे जंगल यांच्या आश्रयाने नाना लोक येथे वसले. सिरोंच्यात तेलुगू, भामरागडात माडिया, तर फाळणीनंतरच्या निर्वासितांमुळे मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली कानी पडते. भद्रावतीची विजासन लेणी येथील जुन्या धम्माची साक्ष देतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, ते त्याचे पुनरागमनच.

पण शेजार म्हणजे बंधुता नव्हे. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, हा प्रश्न बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विचारला. आमच्याकडे त्याला भाषेचीही बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक २९ लाखांहून अधिक होते, तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. बँकेच्या खिडकीशी एखादी गोंड बाई कागदावर अंगठा उठविते, तेव्हा त्यात काय लिहिले आहे ते तिच्या बोलीत सांगणारा आतल्या बाजूला सहसा कोणी नसतो. इतकी वर्षे त्या खुर्चीवर बसून मलाही चार-दोन शब्दांपलीकडे गोंडी येत नाही.