नाव जाम, पण गाडी जाम नको!

मैत्रिणींनो, एरवी स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत न ठेवणारा गृहस्थ रविवारी सकाळी जुनं बनियन घेऊन तासभर मोटारसायकल पुसत बसतो, तेव्हा त्याच्या बायकोला काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको. “सवत आहे मेली माझी,” असं म्हणून आपण पोळ्या लाटायला वळतो. पण याच सवतीच्या पाठीवर बसून आपण माहेरी जातो, लग्नकार्याला जातो, सुट्टीत देवदर्शनाला जातो. मग तिच्या तब्येतीची दोन-चार लक्षणं आपल्यालाही ओळखता यायला हवीत की नाही?

ही लक्षणं शिकायची एक नामी शाळा आहे. नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की ६०-७० किलोमीटरवर वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं जाम लागतं. इथे रस्ता फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून आदिलाबाद-हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आता तो क्रमांक ४४ झाला आहे, श्रीनगर ते कन्याकुमारी. म्हणजे काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेला मोटारसायकलवाला असो की नागपूरहून ताडोबाला निघालेला हौशी नवरा असो, जामवरूनच जातो.

आणि बहुतेक जण इथे चहाला थांबतात. त्यालाही कारण आहे. घरून निघून तास-सव्वातास झालेला असतो. अंगणात जे दिसलं नाही ते आता दिसू लागतं. सामानाचे पट्टे सैल झालेले असतात, एखादा नट ढिला पडलेला असतो, साखळी कुरकुरायला लागलेली असते. जुने प्रवासी म्हणूनच पहिला मुक्काम जवळ ठेवतात. चहा हे निमित्त, खरी असते ती तपासणी.

थट्टेच्या पोटात सल्ला

ही तपासणी मुकाट्याने होत नाही बरं का! चार मोटारसायकलवाले जमले, की पहिली अर्धी घटका नुसती एकमेकांच्या गाड्यांची टिंगल.

“काहून बे, तुही बुलेट उभी राहिली की रांगोळी घालते का?”

“रांगोळी तरी घालते. तुह्या येझदीवानी धूर तं नाही सोडत! नगरपरिषदेनं मच्छर मारायले ठेवली का तुले?”

तिसरा साधी शंभर सीसीची गाडी घेऊन आलेला. त्याला विचारतात, “दुधाच्या कॅना कुठं ठेवल्या जी?” तोही काही कमी नसतो. “हसा, हसा. पेट्रोल पंपावर भेटू.” आणि नव्या, महागड्या गाडीवाल्याला सगळे मिळून सुनावतात, “याची बंद पडली तर मिस्त्री नाही चालत, कॉम्प्युटरवाला बोलवा लागते.”

आपल्याला वाटतं, मोठी माणसं आणि काय हा पोरकटपणा! पण जरा कान देऊन ऐका. एकेका टोमण्यात एकेका गाडीचा स्वभाव सांगितलेला असतो. जुन्या बुलेटच्या इंजिनाखाली तेलाचे थेंब पडतात, ही झाली रांगोळी. टोमणा ऐकला की मालक हळूच खाली वाकून थेंब किती मोठा झालाय ते बघून घेतो. जुन्या येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, ते जास्त पडलं की धूर आणि प्लगवर काजळी. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली आणि थोड्या पेट्रोलात पुष्कळ पळणारी गाडी मध्यमवर्गीय घरात शिरली. २०२० पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते यंत्रच ठरवतं, म्हणून रस्त्यावर पाना-पकड घेऊन फारसं काही करता येत नाही.

जुन्या बुलेटची आणखी एक गंमत म्हणजे तिचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. “ब्रेक मारायले गेला न् गियर पडला,” हा विनोद त्यातूनच आलेला. पण विनोदातला सल्ला मोलाचा आहे. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देताना आणि दुसऱ्याची आपण घेताना आधी पाय कुठे काय दाबतो ते विचारावं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. “साखळीचा आवाज येतोय हो,” असं आपण घरी चारदा सांगतो, ते वाऱ्यावर जातं. मित्र एकदाच म्हणतो, “काय रे, साखळीत खडे भरलेस का?” की हे लगेच फडकं घेऊन बसतात! तेव्हा सूचना देऊ नका, टोमणा मारा. माझं ऐका, लवकर लागू पडतो.

जिथे थट्टा जिंकू द्यायची नाही

मात्र तीन गोष्टी अशा आहेत, की तिथे हसून सोडून द्यायचं नाही. कारण त्यांची किंमत मागे बसणारीला मोजावी लागते.

पहिली गोष्ट साडी गार्डची. मागच्या चाकाशेजारची ती जाळी हौशी मंडळींना डोळ्यांत खुपते. “काय काकूबाईची जाळी लावलीस,” असं कुणी म्हटलं, की पुढच्या रविवारी जाळी माळ्यावर! मैत्रिणींनो, ही जाळी शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असायलाच हवं. पदर किंवा ओढणी चाकात गेली, की एका क्षणात माणूस खाली खेचला जातो. गळ्याभोवती ओढणी असेल तर पुढचं बोलवत नाही. तेव्हा काढलेली जाळी परत बसवून घ्या, त्याशिवाय बसू नका.

आणि दोष साडीचा नाही, सुटलेल्या टोकाचा आहे. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ साली नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. कासोटा घट्ट असला की फडफडायला काही उरत नाही. आपण पदर कमरेला खोचावा, ओढणी पिशवीत टाकावी. लांबच्या प्रवासात शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसावं. एका बाजूला बसलं की सगळा भार तिकडेच जातो आणि वळणावर, खड्ड्यात तोल सांभाळणं अवघड होतं.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. “वहिनी, अंबाडा बिघडेल हं,” म्हणून दीर हसतात. हसू दे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने चालवणाऱ्यावर आणि मागे बसणाऱ्यावर सारखंच बंधन घातलं आहे. रस्त्यालाही पुढचं डोकं आणि मागचं डोकं यातला फरक कळत नाही. आयएसआय शिक्का बघून, आपल्या मापाचं, हनुवटीचा पट्टा नीट लागणारं हेल्मेट घ्या. ह्यांचं जुनं, ढिलं झालेलं आपल्या वाट्याला येऊ देऊ नका. अंबाड्याऐवजी खाली वेणी घातली की प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट हवेची. चहाच्या टपरीवर एक सल्ला हमखास मिळतो, “उन्हाळा आहे, हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल.” हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायर फिरताना जास्त दबतो, जास्त वाकतो, आणि त्यानेच अधिक तापतो. आपल्या विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, दोन माणसं आणि सामान घेऊन, हा धोका दुपटीने वाढतो. साखळीच्या झाकणावर किंवा मागच्या चाकाजवळ हवेचे आकडे लिहिलेली चिठ्ठी असते. एकट्यासाठी एक आकडा, दोघांसाठी वेगळा. दोघांचा आकडा पाहून, सकाळी टायर थंड असतानाच हवा भरायला लावा. धावून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्तच दिसतो, तो पाहून हवा सोडायची नाही.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं

डबा भरून झाला की दहा मिनिटं अंगणात जा. दोघांनी मिळून करायचं हे काम आहे.

गाडी सपाट जागी सरळ उभी धरून तेल बघावं. तिरक्या स्टँडवर तेलाचा अंदाज चुकतो. काही गाड्यांना त्यासाठी काचेची खिडकी असते, काहींना दांडी.

साखळी मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावी. बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटीमीटर ढील लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. “घट्ट केली की आवाज जातो,” या भरवशावर फार ताणून ठेवू नये. दोघं बसली की गाडी खाली दबते आणि साखळी आणखी ताणली जाते. शिलाई मशीनला जसं आपण आधी धूळ झाडून मग तेल देतो, तसंच इथेही. जुना टूथब्रश आणि फडकं घेऊन आधी मळ काढायचा, मग साखळीचं ऑइल. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती साखळीत आणि मडगार्डखाली लिंपणासारखी बसते, ती त्याच दिवशी धुवावी. आणि हे लक्षात ठेवा, साखळी साफ करताना इंजिन बंद हवं. चाक हाताने फिरवायचं. चालू गाडीत फडकं धरलं तर बोटं जातात.

यजमान ब्रेक दाबत असताना तुम्ही मागे उभ्या राहा. लाल दिवा लागतो का? दोन्ही बाजूचे इशारे लुकलुकतात का? एकट्या माणसाला हे नीट बघता येत नाही, ते तुमचंच काम.

गाडीच्या पेटीत पाने, पकड, तार, चिकटपट्टी, टॉर्च आणि क्लचची एक जादा वायर असू द्या. जाणकार मंडळी ती चालू वायरीशेजारीच बांधून ठेवतात, म्हणजे तुटली की लगेच जोडता येते. जुनी गाडी असेल तर जादा प्लग आणि प्लगपाना हवाच. काढलेला प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असेल तर इंजिन सुखात आहे. काळाकुट्ट असेल तर काजळी धरतेय, पांढराफटक असेल तर फार तापतंय. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या पट्ट्या आणि छोटा पंप पुरतो. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे पंक्चरवालाच गाठावा लागतो. शिवाय धुण्याच्या साबणाची एक वडी! पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती लागली तर इंजिन थंड झाल्यावर तिथे साबण घासून बसवतात, जवळच्या मिस्त्रीपर्यंत निभावतं. मात्र आसपास कुणी विडी ओढत नाही ना, ते आधी बघा.

तुमचे कान, तुमची पाठ

पुढचा माणूस रस्ता बघत असतो, वारा त्याच्या कानात भरलेला असतो. मागच्या चाकाच्या अगदी वर बसलेल्या तुम्ही असता. गाडी मागून वळवळल्यासारखी वाटली, तर मागच्या टायरची हवा गेलेली असू शकते. दर फेऱ्याला खट्‌खट् ऐकू आलं, तर साखळी किंवा टायरात रुतलेला खिळा. जळकट वास आला, तर घासणारा ब्रेक किंवा वायर. कुकरची शिट्टी बदलली तर आपल्याला पदार्थ न बघता कळतं, तितकंच हे सोपं आहे. घाबरून ओरडू नका, एकदम हलू नका. खांद्यावर दोनदा थोपटलं की थांबायचं, असं निघतानाच ठरवून घ्या. आणि थांबायचं म्हणजे थांबायचं, “पुढच्या गावात बघू” नाही.

दर तास-दीड तासाने उतरा, पाणी प्या. उतरताना पोटरी सायलेन्सरला लागली तर भाजलेल्या जागी २० मिनिटं साधं थंड पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक तोंडपाठ असू द्या.

बहुतेक मुक्कामांवर बायका बाकावर बसून पर्सा आणि पोरं सांभाळतात, पुरुष गाड्यांभोवती हसत असतात. पुढच्या वेळी चहाचा पेला घेऊन त्या घोळक्यात जा. एखाद्याच्या गाडीखाली रांगोळी दिसली तर बिनधास्त म्हणा, “भावजी, दिवाळीला अजून वेळ आहे!” मंडळी हसतील आणि खाली वाकून बघतील. पण त्याआधी, उद्या सकाळी केर काढून झाला की गाडीवरची ती हवेची चिठ्ठी शोधा आणि दोघांचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.