नाटकाचा तास आणि मुलांचा घसा

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की दवाखान्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "डॉक्टरसाहेब, पोराचा आवाज बसलाय," हे एक आणि "दहावी तोंडावर आली असताना हे नाटक कशाला? तुम्हीच सांगा त्याला," हे दुसरे. पहिल्यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्याबद्दल मात्र पालकांशी थोडे बोलायचे आहे.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला नाटक हा स्वतंत्र विषय घेता येतो. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासाचे आणि अभ्यासेतर विषय यांत भिंत नको, असे म्हटले आहे. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू करून बालरंगभूमीला बळ दिले. आणि जालनेकरांना तर नाटक परके नाहीच. भारुडे रचणाऱ्या एकनाथांचे पैठण आपल्या शेजारीच आहे.

आता वैद्यकीय बाजू. रंगमंचावर जाताना छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. हा ॲड्रेनॅलीन या संप्रेरकाचा परिणाम. तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही नेमके हेच होते. भीतीला थोडेथोडे, पुन्हा पुन्हा सामोरे गेले की ती आपोआप ओसरते, हे शरीर अनुभवानेच शिकते. नववीतल्या एका मुलीचे पोट तोंडी परीक्षेच्या दिवशीच दुखायचे. सर्व तपासण्या निर्दोष होत्या. शाळेच्या भारुडात आधी ती कोरसमध्ये उभी राहिली, मग तिला दोन वाक्ये मिळाली. वर्षभरात पोटदुखी बरीच कमी झाली. सर्वांनाच असा गुण येईल असे नाही. झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. बोलताना अडखळणारी काही मुले पाठ केलेले संवाद सफाईने म्हणतात. त्याने हुरूप येतो, पण तो वाणीउपचाराला पर्याय नव्हे.

तालमीच्या दिवसांत एवढे पाळा :

१) ओरडू नका. पोटापर्यंत श्वास भरून बोला. सतत ओरडल्याने स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात.

२) वयात येताना मुलांचा आवाज फुटतो. त्या काळात उंच पट्टीचा हट्ट धरू नका.

३) घोट घोट पाणी प्या. आवाज बसला तर त्याला विश्रांती द्या. कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

४) चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. खाज किंवा पुरळ आले तर तो वापरू नका.

५) या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी. त्यामुळे रात्रीच्या तालमी टाळा.

पालकहो, नाटक बंद करण्यापेक्षा तालमीची वेळ बदलून घ्या. चार लोकांपुढे उभे राहून बोलता येणे ही दहावीनंतरही उपयोगी पडणारी शिदोरी आहे.