संगणक सुरू झाला, ओव्या गेल्या कुठे?

घरातला संगणक अडून बसला, की दुरुस्तीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘रिस्टोअर मारून देतो.’’ संध्याकाळी संगणक घरी येतो तो अगदी नव्यासारखा. रेंगाळणं नाही, मधेच बंद पडणं नाही. आपण खूश! मग ज्या कामासाठी तो घेतला होता, त्याच चित्रावर टिचकी मारावी, तर दोन क्षण चकती गरगर फिरते आणि… काहीच नाही. ना खिडकी उघडते, ना कसला निरोप येतो. पत्रं लिहिणाऱ्यांचं, हिशेब ठेवणाऱ्यांचं यातून कसंही निभावतं. प्रोग्राम पुन्हा टाकला की झालं. पण गाणं ध्वनिमुद्रित करणारा प्रोग्राम असा रुसून बसला, तर आत साठवलेला आवाज आहे की गेला, हेच कळेनासं होतं.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत एका घरी हेच झालं. नीरा नदीच्या काठचं हे गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्हा, अलीकडे वालचंदनगर आणि सगळीकडे ऊस. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाते, तेव्हा या पट्ट्यातल्या बायका कामं उरकून वाटेवर जाऊन उभ्या राहतात. अशा गावात भजन आणि ओवी शिकवावी लागत नाही. या घरातली सून शिवणकाम करते, बचत गटाचे हिशेब संगणकावर ठेवते. सासूबाईंना दळणाच्या ओव्या येतात, हे तिला लग्न होऊन आल्यावर कळलं. जातं कधीच परसात जाऊन पडलेलं, पण तोंडातल्या ओव्या तशाच. तिने एक साधा माइक आणला, ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम जुन्या संगणकावर टाकून घेतला आणि तीन हिवाळे, दुपारच्या निवांत वेळी, सासूबाईंना गाऊ दिलं. नंतर सासूबाईंना पक्षाघात झाला. चालणं थोडंफार परत आलं, बोलणं आलं नाही.

आणि मग संगणक बिघडला.

‘‘ताई, काम्प्युटर चालू हाय, सगळं दिसतंय, पण गाण्याचं तेवढं उघडंना,’’ तिचा फोन आला. ‘‘आत्याबाईंचा आवाज हाय ओ त्यात.’’

अशा वेळी आपण सगळ्या जणी काय करतो? तीच टिचकी दहा वेळा मारतो. मग शेजारचा मुलगा येतो आणि काहीतरी ‘डाऊनलोड’ करून बघतो. हेच नेमकं टाळायचं असतं. तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की आता या संगणकात नवीन काही टाकू नकोस, सिनेमे नको, फोटो नकोत. पुसलेली फाईल तबकडीवरून लगेच नाहीशी होत नाही. ती जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते आणि दुसरं काही तिथे लिहिलं गेलं, की मगच जुनं खरोखर जातं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं हे असं आहे. नव्या एसएसडीमध्ये संगणक स्वतःच ती जागा साफ करून ठेवतो, त्यामुळे तिथे आशा फार कमी. हिचा संगणक जुना, तो जुनेपणा इथे उपयोगी पडणार होता.

दुसरा प्रश्न, ‘रिस्टोअर’ म्हणजे दुकानदाराने नेमकं केलं काय? हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि आपण विचारत नाही. पहिला प्रकार म्हणजे संगणकाला मागच्या एखाद्या तारखेवर नेऊन ठेवणं. यात आपल्या फायलींना हात लागत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम निकामी होतात. दुसऱ्या प्रकारात विंडोज नव्याने बसवतात आणि ‘माझ्या फायली ठेव’ असं सांगतात. फायली राहतात, बाहेरून आणलेले प्रोग्राम सगळे जातात. विंडोज १० आणि ११ मध्ये काढलेल्या प्रोग्रामांची यादी डेस्कटॉपवर ठेवलेली असते. ती आधी वाचा, पुष्कळदा आपल्यालाच आठवत नसतं काय काय होतं ते! तिसरा प्रकार म्हणजे सरळ फॉरमॅट. त्यात सी ड्राइव्ह रिकामा होतो. डी ड्राइव्हला मुद्दाम हात लावला नसेल, तर तो वाचतो.

हिच्या दुकानदाराने दुसरा प्रकार केला होता आणि ऑडॅसिटीची नवी आवृत्ती पुन्हा टाकूनही दिली होती. म्हणजे प्रोग्राम होता. मग उघडेना का?

गाण्याच्या प्रोग्रामांचं एक वेगळेपण आहे. चिठ्ठी लिहायचा प्रोग्राम सुरू होताना कुणाला काही विचारत नाही. गाण्याचा प्रोग्राम उठल्या उठल्या घरभर चौकशी करतो, माइक कुठला, स्पीकर कुठला, वाद्यांचे आणि परिणामांचे जोडप्रोग्राम कुठे ठेवलेत? यातल्या एकानेही उत्तर दिलं नाही, की तो वाट बघत बसतो. पडद्यावर काही दिसत नाही, पण आत तो चालू असतो. आपण दुसरी टिचकी मारतो, तर पहिलाच अडकलेला असल्याने दुसरा उघडत नाही. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. तिथे त्या प्रोग्रामचं नाव दिसलं, तर ते निवडून ‘एन्ड टास्क’ करायचं.

तिने केलं. नाव एकदा नाही, चारदा होतं!

मग माइकची वायर काढायला सांगितली, संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला आणि वायर न लावताच टिचकी मारायला सांगितली. खिडकी उघडली. विंडोज नव्याने बसली, की माइकचा किंवा साऊंड कार्डाचा ड्रायव्हर जातो किंवा भलताच बसतो आणि प्रोग्राम त्याच्यापाशी अडतो. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घेतला, की हे दुखणं जातं. कुठल्याही भलत्या जागेवरून मात्र घेऊ नका, त्यातून व्हायरस येतो.

अर्थात हे एकच कारण नसतं. एखादी डीएलएल फाईल सापडत नाही असा निरोप आला, तर बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’चा संच टाकायचा राहिलेला असतो. तो त्यांच्याकडेच फुकट मिळतो. ती एकटी डीएलएल फाईल कुठून तरी शोधून आणू नये. विकत घेतलेला प्रोग्राम असेल, तर त्याचा परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो. विंडोज बदलली, की त्याला वाटतं हा नवाच संगणक आहे. कंपनीच्या खात्यात जाऊन जुनी नोंद सोडवावी लागते. म्हणून परवान्याचा क्रमांक आणि ज्या ई-मेलवर खरेदी केली तो पत्ता वहीत लिहून ठेवा, संगणकात नको! बाहेरच्या हार्ड डिस्कवर गाणी असतील, तर तिचं अक्षर ‘ई’चं ‘एफ’ झालेलं असतं आणि प्रोग्राम बिचारा जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. आणि निरोप इंग्रजीत आला म्हणून घाबरून ‘ओके’ दाबू नका. मोबाइलवर त्याचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला तुमच्या वर्णनापेक्षा त्या फोटोवरून दहापट कळतं.

तर, प्रोग्राम उघडला. पण ओव्या?

खरा घोळ इथे होता. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्या एका गाण्याच्या दोन गोष्टी करायच्या. एक ‘ए-यू-पी’ शेपटीची लहानशी फाईल आणि तिच्याच नावापुढे ‘डेटा’ लावलेला एक फोल्डर. आवाज सगळा त्या फोल्डरात, शेकडो तुकड्यांमध्ये. लहान फाईल म्हणजे नुसती अनुक्रमणिका, कुठला तुकडा कशानंतर येतो एवढंच सांगणारी. पण टिचकी मारायची त्या लहान फाईलवर, त्यामुळे गाणं म्हणजे ती, असंच सगळ्यांना वाटतं. २०२१ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं एकाच फाईलमध्ये राहतं. पण त्याआधीची वीस वर्षं जगभरच्या लोकांनी अनुक्रमणिका जपून ठेवली आणि पुस्तक फेकून दिलं, असं झालेलं आहे.

आमच्या निरवांगीच्या घरातही दुकानदाराने जाता जाता नीटनेटकेपणा केला होता. सगळ्या लहान फायली ‘गाणी’ नावाच्या एका छान फोल्डरात. डेटाचे फोल्डर काही डी ड्राइव्हवर तसेच पडलेले, तर डेस्कटॉपवरचे ‘कचरा’ म्हणून काढलेले. (नीटनेटकेपणाची मला एरवी आवड आहे, पण दुसऱ्याच्या संगणकात नको.) डी ड्राइव्हवरचा एकेक फोल्डर त्याच्या फाईलशेजारी, नावात एका अक्षराचाही बदल न करता ठेवायला तिला दोन दुपारी लागल्या. फाईल उघडायची, ऐकायची, मग पुढची. तेवीसपैकी एकोणीस ओव्या मिळाल्या. उरलेल्या चारांपैकी एक तिने कधीतरी हडपसरच्या नणंदेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, ती नणंदेच्या मोबाइलमध्ये सापडली. आवाज जरा दबका, पण आहे. तिघींचा पत्ता नाही. पुसलेल्या फायली परत मिळवणारे प्रोग्राम असतात. ते दुसऱ्या संगणकावरून चालवून पाहिले, पण तुकडे इतके विखुरलेले, की ओवीची सलग ओळ काही जुळली नाही.

सासूबाईंना ती हे ऐकवते का, असं मी विचारलं. ‘‘ऐकवते ना. शेवटच्या ओळीला ओठ हलतात त्यांचे.’’

हे एका घराचं झालं. पण आपल्याकडे ओव्या जपण्याचं मोठं काम झालेलं आहे आणि त्यातही संगणकाचा हाच प्रश्न लपलेला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इंदापूर तालुक्यातल्या ओव्याही त्यात आहेत. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांचा माहितीसाठा उभा केला, ध्वनिमुद्रणं केली. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पुढे २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या अर्थासह आणि आवाजासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

याच बर्नार्ड बेल यांनी त्याआधी, १९८०च्या दशकात, लखनौच्या तबलावादनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स किपेन यांच्याबरोबर ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्राम केला होता, तबल्याचे बोल आणि त्यांचे विस्तार समजून घेणारा. तो अ‍ॅपलच्या संगणकांवर चालायचा. संगणक बदलत गेले आणि जुन्या मॅकसाठी लिहिलेला तो प्रोग्राम नव्या मॅकवर सुरू होईना. शेवटी ‘बीपी३’ म्हणून त्याला नव्याने उभं करावं लागलं. ज्याने प्रोग्राम लिहिला, त्याचीही यातून सुटका नाही! ओव्यांची ध्वनिमुद्रणं मात्र साध्या ध्वनिफायलींच्या रूपात आहेत, ती कुठल्याही मोबाइलवर वाजतात. त्यासाठी कुठला खास प्रोग्राम लागत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आई-आजीचं गाणं, भजनी मंडळाची काकड आरती, डोहाळेजेवणाची गाणी, जे काही तुम्ही संगणकावर मुद्रित करत असाल, ते प्रोग्रामच्या स्वतःच्या फाईलमध्ये तसंच ठेवून उठू नका. प्रत्येक प्रोग्राममध्ये ‘एक्स्पोर्ट’ असतं. त्यातून ‘वेव्ह’ फाईल काढा. ती एका मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खाते, पण आवाज जसाच्या तसा राहतो. मोबाइलवर पाठवायला वेगळी ‘एमपी३’ काढा, ती मिनिटाला जेमतेम एक एमबी. फाईलला ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावं देऊ नका बरं का! तारीख, गाणाऱ्या बाईचं नाव आणि ओवीचा विषय घाला. गाण्याआधी तिलाच तिचं नाव आणि गाव सांगायला लावलं, तर फाईलचं नाव बदललं तरी ओळख आत राहते. संगणक दुरुस्तीला जाण्याआधी हे सगळं पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो पेन ड्राइव्ह घरीच ठेवा, संगणकाबरोबर पाठवू नका. दुसरी एक प्रत माहेरी द्या. तिथे ती वाजवलीही जाईल.