हेलिऑसचा रथ आणि मावळचा सूर्य

मळवली स्टेशनवर उतरून दक्षिणेकडे चालत गेलं की लोहगड-विसापूरच्या कुशीत भाजे लेणी लागतात. उत्तरेला इंद्रायणीचं खोरं आणि महामार्ग ओलांडून गेलं, तर कार्ल्याचं चैत्यगृह आणि एकवीरा आईचं देऊळ. ग्रीक पुराणकथा म्हटलं की ऑलिंपस पर्वत, ट्रॉयचं युद्ध, नाही तर सिनेमातला झ्यूस आठवतो. मावळ कुणाला आठवत नाही. पण त्या कथांतले देव, वीर आणि अक्राळविक्राळ प्राणी दगडावर, धातूवर, नाण्यांवर उमटून किती दूरवर गेले, हे समजून घ्यायला या दोन डोंगरांइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आधी भाजे. चैत्यगृह आणि पुढचा स्तूपांचा समूह पाहून बरेच जण परत फिरतात. दक्षिण टोकाकडच्या विहारापर्यंत मात्र जायलाच हवं. त्याच्या ओसरीत एका खोलीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन शिल्पपट आहेत. एकावर चार घोड्यांचा रथ आहे. रथात मुख्य पुरुष, सोबत दोन स्त्रिया. एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. रथाखाली अवाढव्य, बेढब देह चिरडले जात आहेत. दुसऱ्या पटावर हत्तीवर बसलेला पुरुष आहे आणि त्याच्या हत्तीने सोंडेने अख्खं झाड उपटलं आहे. बहुतेक अभ्यासक यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. काहींना त्यांत बौद्ध कथांमधला मांधाता राजा दिसतो.

ग्रीकांचा सूर्यदेव हेलिऑसही रोज पहाटे चार घोड्यांचा रथ घेऊन पूर्वेकडून निघतो. त्याच्या मुलाची, फेथॉनची कथा प्रसिद्ध आहे. आपण खरोखर सूर्यपुत्र आहोत हे जगाला दाखवायचं म्हणून त्याने एक दिवस रथ हाकण्याचा हट्ट धरला. घोडे त्याच्या हाताबाहेर गेले, पृथ्वी होरपळू लागली आणि अखेर झ्यूसने वज्र फेकून त्याला खाली पाडलं. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा प्लेटो याने इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात काढलेल्या नाण्यांवर हेलिऑस असाच चार घोड्यांच्या रथात आहे. आपल्याकडे ऋग्वेदातल्या सूर्याला सात घोडे. भाजे आणि बोधगया इथल्या जुन्या शिल्पांत मात्र चारच दिसतात. म्हणून काही कला-इतिहासकार या मांडणीमागे ग्रीक प्रभाव असावा असं मानतात.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. घोड्यांच्या रथातून फिरणारा सूर्य दोन्ही परंपरांत फार जुना आहे. वज्रधारी इंद्र वृत्राला मारतो आणि वज्रधारी झ्यूस टायफॉन या महाभयंकर राक्षसाला लोळवतो. हे साम्य भाज्याची लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीचं आहे. काही गोष्टी दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाल्या असतील, काही नंतर देवाणघेवाणीत आल्या असतील. भाज्याच्या पटावरचे पागोटे, दागिने, वेशभूषा मात्र अस्सल इथली आहे. बाहेरून काही आलंच असेल, तर ते रथाच्या मांडणीपुरतं. देव इथलाच राहिला.

याच विहारातल्या स्तंभशीर्षांवर कमरेच्या वर माणूस आणि खाली चौपायी जनावर असे प्राणी कोरले आहेत. ते पाहताना ग्रीकांचे अर्धा घोडा, अर्धा माणूस असलेले सेंटॉर आठवतात. सेंटॉर बहुधा रानटी आणि मद्यपी, पण त्यांच्यातलाच कायरॉन हा अकिलीझसारख्या वीरांचा गुरू झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर स्फिंक्सची छोटी आकृती आहे. ग्रीक कथेतली स्फिंक्स स्त्रीमुखी, सिंहाच्या अंगाची आणि पंख असलेली. थीब्ज शहराच्या वाटेवर बसून ती प्रत्येकाला कोडं घालायची आणि ज्याला उत्तर येत नसे त्याला खाऊन टाकायची. सकाळी चार, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन पायांवर चालणारा प्राणी कोणता, हे ते कोडं. ‘माणूस’ हे उत्तर ईडिपसने दिलं आणि तिचा अंत झाला.

ही आकृती सह्याद्रीत कशी आली? उत्तराचा काही भाग कार्ल्याच्या खांबांवरच ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, इथे खांब दान दिले. सिहधय, धम्म ही त्यांची नावं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दानं आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या यवन धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने एक अख्खं लेणंच कोरवून घेतलं. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल बोरघाट आणि नाणेघाटातून वर देशावर यायचा आणि लेणी याच वाटांवर आहेत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्यात राहून या परिसरात भरपूर पायपीट केली आणि धेनुकाकट, यवन दाते आणि व्यापारी वाटा यांचा एकत्र विचार केला.

या वाटांवरून ग्रीक देवही प्रत्यक्ष आले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात प्राचीन ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी मूर्ती होती. समुद्र खवळवणारा, त्रिशूळ मारून भूकंप घडवणारा हा देव घाट चढून पंचगंगेकाठी पोहोचला होता. वीरांचंही तसंच. सिंहाचं कातडं पांघरणारा, बारा अचाट कामं करणारा हेराक्लीझ गांधार शिल्पात बुद्धाचा रक्षक वज्रपाणी होऊन उभा राहिला.

उलट दिशेचा दाखलाही आहे. तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. कार्ल्याचे यवनही त्याच पंगतीतले. त्यांच्या लेखांत झ्यूस नाही, अपोलो नाही. परक्या मुलखात स्थिरावलेल्या या माणसांनी भिक्खूंच्या चैत्यगृहाला खांब दिला आणि स्वतःचं नाव इथल्याच भाषेत कोरवून घेतलं.

भाज्याचा सूर्य ग्रीकांनी दिला, असं म्हणणं चूक. बाहेरचं इथे काहीच आलं नाही, असं म्हणणंही तितकंच चूक. मावळ हा घाटमाथ्यावरचा चालता रस्ता होता. माल, माणसं आणि कथा त्यावरून एकत्र चढल्या आणि इथल्या पाथरवटांनी त्यातलं हवं ते घेऊन आपलं केलं. पावसाळ्यात लोणावळ्याला जाणाऱ्या हजारो कुटुंबांना हे कळायला हवं. त्यासाठी लेण्यांपाशी मराठीत नीट फलक हवेत, शाळांच्या सहलीत या विहारासाठी वेळ राखून ठेवायला हवा आणि झिजत चाललेल्या त्या दोन पटांना कुणी हात लावणार नाही याची काळजी आपणच घ्यायला हवी. हेलिऑसची गोष्ट मुलांना सांगायला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार?