विवरणपत्रात नसलेली ओळ

जून-जुलै महिने आले की नोकरदार घरांत एक ठरावीक धांदल सुरू होते. ते घर बडोद्याचे असो, इंदूरचे असो, की आमच्या सिल्वासाचे. कपाटातील जुनी धारिका बाहेर निघते, कार्यालयाकडून आलेला फॉर्म सोळा शोधला जातो, बँकेच्या व्याजाचे दाखले आणि विम्याच्या पावत्या एकत्र टाचल्या जातात, आणि आयकराचे विवरणपत्र भरण्याचे कर्म एकदाचे पार पडते. या सगळ्या खटाटोपात आपली दृष्टी एकाच आकड्यावर खिळलेली असते. किती भरावे लागणार, किंवा किती परत मिळणार?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या प्राप्तिकर विवरणपत्राबरोबर एक स्वतंत्र नमुना असतो. करदात्याला स्वेच्छेने काही रक्कम द्यावयाची असल्यास ती कोणत्या कामासाठी, हे त्यात लिहावयाचे असते. त्या कामांच्या यादीत वृद्ध व विकलांग माजी सैनिकांच्या निवासगृहांचा समावेश आहे. समोरच्या रकान्यात करदात्याने मनाला येईल तो आकडा लिहावा. तितकी रक्कम त्याच्या परताव्यातून वळती होते, अथवा देय करात मिळविली जाते. वेगळा धनादेश नको, की कोणाच्या दारी जाणे नको. त्या राज्याची अशी पाच निवासगृहे असून त्यांतील ऑक्सफर्ड येथील गृह १८९७ साली सुरू झाले. विवरणपत्र भरताना माणूस स्वतःच्या वर्षभराच्या कमाईचा हिशेब मांडून बसलेला असतो. नेमक्या त्याच वेळी त्याला हा प्रश्न विचारणे मला फार मार्मिक वाटते.

आपल्या विवरणपत्रात अशी ओळ नाही. आपल्याकडचा क्रम उलटा आहे. देणगी आधी, स्वतंत्रपणे द्यावयाची, तिची पावती जपावयाची, आणि मग विवरणपत्रातील देणग्यांच्या तक्त्यात संस्थेचे नाव, पत्ता व तिचा कायम खाते क्रमांक लिहून वजावट मागावयाची. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी हे या वजावटीचे मूळ. त्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, आणि त्यातही देणग्यांच्या वजावटीला स्थान ठेवले आहे. काही निधींना दिलेली रक्कम पूर्णपणे वजा होते, काहींची निम्मीच. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी स्थापन झालेला राष्ट्रीय संरक्षण निधी पहिल्या वर्गातला. त्या निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिल्याच्या कथा आपल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकल्या असतील. त्या माउल्यांना कलम ८०-जी ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हे सारे सांगावयाचे प्रयोजन असे, की आता पुष्कळ घरांपुरता हा वजावटीचा मुद्दाच निकालात निघाला आहे. २०२० च्या अर्थसंकल्पाने नवी करप्रणाली आणली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मुळातली प्रणाली ठरली. जुनी हवी असेल त्याने तसे मुद्दाम कळवावयाचे. नव्या प्रणालीत कराचे दर सौम्य आहेत, परंतु देणगीबद्दल वजावट मिळत नाही. विम्याचा हप्ता असो, घरभाडे असो, की सैनिकांच्या निधीस दिलेले हजार रुपये असोत, सगळ्यांना एकच न्याय. माझ्या परिचयातील काही सुज्ञ मंडळींनी त्यावर काढलेला निष्कर्ष असा, की आता देणगी देण्यात अर्थ राहिला नाही. मला हा निष्कर्ष विचित्र वाटतो. तीस टक्के दराने कर भरणारा माणूस हजार रुपये देई तेव्हा पूर्ण वजावट धरली तरी त्याचे सुमारे तीनशे रुपये वाचत. उरलेले सातशे तेव्हाही त्याच्याच खिशातून जात होते. ते सातशे तो कशासाठी देत होता, एवढाच प्रश्न आता उघडा पडला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर पैसा जातो कोठे, हे ठाऊक हवे.

२८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असे ठरविले की दर वर्षी ७ डिसेंबर हा दिवस ध्वज दिन म्हणून पाळावा आणि त्या दिवशी लहान लहान ध्वज वाटून नागरिकांकडून निधी गोळा करावा. त्या चिमुकल्या ध्वजावरील तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन पट्टे म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. पुढे १९९३ साली युद्धातील विधवांचा निधी, अंध सैनिकांच्या संस्थेचा निधी, गुरखा माजी सैनिकांचा निधी असे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वज दिन निधी असा एकच निधी करण्यात आला. त्याचा कारभार दिल्लीचे केंद्रीय सैनिक मंडळ पाहते. त्याच्या हाताखाली राज्य मंडळे आणि जिल्हा मंडळे आहेत.

सैनिक म्हटला की त्याला निवृत्तिवेतन असणारच, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. अधिकारीपदाखालच्या सैनिकाला सेवानिवृत्तिवेतन मिळण्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांची सेवा पुरी व्हावी लागते. सात-आठ वर्षांनी घरच्या अडचणीपायी गणवेष उतरविलेला जवान निवृत्तिवेतनाविना गावी परततो, आणि वार्धक्यात त्याच्याजवळ सेवामुक्तीच्या पुस्तिकेखेरीज दुसरे काही उरत नाही. (२०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी परतणाऱ्या तरुणांनाही निवृत्तिवेतन नाही, त्यांच्या म्हातारपणाचा विचार आजच कोणी करीत असेल, तर ते दूरदर्शीपणाचे म्हणावे लागेल.) हवालदार या पदापर्यंतचे, पासष्ट वर्षांवरील, निवृत्तिवेतन व नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना या निधीतून मासिक साहाय्य मिळते. ते चार हजार रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ते दुप्पट, म्हणजे आठ हजार करण्यास मान्यता दिली, आणि मुलांच्या शिक्षणाचे व मुलींच्या विवाहाचे साहाय्यही त्याच प्रमाणात वाढविले. या वाढीव योजनांचा वर्षाचा भार सुमारे २५७ कोटी रुपये सांगण्यात आला आहे. तो उचलावयाचा ध्वज दिन निधीने.

निवासगृहांविषयी मात्र जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यांतील एक आपल्या पुण्यालाच आहे. खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली, १९७१ च्या युद्धाच्या जखमा ताज्या असताना सुरू झाले. पाठीच्या कण्याला गोळी लागून किंवा डोंगरी रस्त्यावर वाहन कोसळून ज्यांचे कमरेखालचे, काहींचे मानेखालचे, सारे शरीर निकामी झाले, असे जवान येथे राहतात. अशीच दुसरी संस्था पंजाबात मोहालीला आहे, आणि युद्धात दृष्टी गमावलेल्यांसाठी सेंट डन्स्टन्स ही डेहराडूनची संस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून काम करीत आली आहे. या तिन्ही संस्थांना ध्वज दिन निधीतून अनुदान मिळते. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही त्याहून जुनी संस्था आहे. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना काही कसब शिकवावे म्हणून १९१७ साली मुंबईत ती लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाली आणि नंतर खडकीला आली.

कणा दुखावलेल्या माणसाचे जिणे बाहेरून पाहणाऱ्याला उमगत नाही. संवेदना गेलेल्या अंगावर कुशी बदलली नाही तर काही तासांत शय्याव्रण होते, आणि ते होत आहे हे त्याचे त्याला कळत नाही. म्हणून रात्रीतून पुनःपुन्हा कोणीतरी त्याची कूस पालटावी लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग हा त्याचा दुसरा कायमचा वैरी. विशीत-पंचविशीत जायबंदी झालेला जवान पुढे तीस, चाळीस, पन्नास वर्षे जगतो. खाट, चाकाची खुर्ची, परिचारक, हे पदक देऊन संपणारे देणे नव्हे. तो तारुण्य ओलांडून म्हातारा होईपर्यंत दर रात्री नव्याने द्यावे लागणारे हे ऋण आहे. पण खडकीत लोक नुसते पडून नाहीत. तेथे विणकामाची यंत्रे चालतात, संगणकाचे काम होते, चाकाच्या खुर्च्यांवर बसून बास्केटबॉलचे सामने रंगतात. हात न चालणारे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

जायबंदी सैनिक काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या परदेशी जाण्यामागे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने जमलेला लोकांचा पैसा होता. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. मधल्या शेहेचाळीस वर्षांविषयी मी काही लिहीत नाही.

आता 'ऐच्छिक' या शब्दाविषयी. डिसेंबर महिन्यात शाळांतून आणि कचेऱ्यांतून ते कागदी ध्वज येतात. महाराष्ट्रात तर जिल्ह्याजिल्ह्याला संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, आणि ते शंभर टक्क्यांच्या वर गेले की सत्कार होतो. उद्दिष्टाशिवाय शासकीय यंत्रणा हलत नाही, हे मी शासकीय नोकरीत राहून जाणतो. पण उद्दिष्ट खाली झिरपत आले की शेवटी वर्गशिक्षक मुलांना म्हणतात, "उद्या प्रत्येकाने पाच रुपये आणा." मुलगा घरी जाऊन सांगतो, "शाळेत पैसे मागितले आहेत." कशाचे, ते त्याला ठाऊक नसते, आईलाही नसते. एका कचेरीत तर न विचारताच पगारातून रक्कम कापलेली मी पाहिली आहे. पैसे योग्य ठिकाणी पोचले असतील, त्याबद्दल शंका नाही. परंतु ज्याने दिले त्याने काही दिलेच नाही, त्याच्याकडून घेतले गेले. पाच रुपयांचा ध्वज टोचण्यापूर्वी पाच मिनिटे खडकीविषयी सांगावे, आणि मग जो देईल त्याचे घ्यावे, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगत आलो आहे. रक्कम थोडी कमी जमते. जमेना का!

आणि सिल्वासात राहून हा विषय निघाला की मला १९५४ साल आठवल्यावाचून राहत नाही, जरी ते साल माझ्या जन्मापूर्वीचे आहे. त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले ते कोणत्याही सरकारी फौजेने नव्हे, तर मूठभर स्वयंसेवकांनी. आझाद गोमंतक दलाचे लोक, पुण्यामुंबईचे तरुण, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके. या मोहिमेला पैसा कोठून आला? सुधीर फडके यांच्या खटपटीने पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या उत्पन्नातून मोहिमेच्या खर्चाची सोय झाली. तिकीट काढून गाणे ऐकावयास आलेल्या पुणेकरांपैकी किती जणांना आपला रुपया दमणगंगेच्या काठी जाणार आहे याची कल्पना होती, कोण जाणे. २ ऑगस्टला येथे मुक्तिदिन साजरा होतो, भाषणे होतात. त्या तिकिटांचा उल्लेख भाषणांत क्वचितच येतो.

आजचे सिल्वासा त्या काळच्या माणसाला ओळखू येणार नाही. आमली, मसाट, रखोली, खडोली, जिकडे पाहावे तिकडे कारखाने. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत माजी सैनिक, युद्धविधवा व त्यांचे आश्रित यांचे कल्याण स्पष्ट शब्दांत नमूद आहे. या कारखान्यांत हिशेबनीस, व्यवस्थापक, कामगार अधिकारी म्हणून आपले कितीतरी मराठी बांधव आहेत. वर्षअखेरीस तो दोन टक्क्यांचा कागद त्यांच्याच टेबलावरून पुढे जातो. त्यावर खडकीचे नाव सुचविण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

घरगुती देणगीदारांसाठी दोन-चार व्यावहारिक गोष्टी. ध्वज दिन निधीस वर्षभरात केव्हाही देता येते, ७ डिसेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही. धनादेशाने अथवा बँकेतून थेट पाठवावे. खडकीचे केंद्र स्वतःही देणगी स्वीकारते. घरी वाढदिवस, बारसे, श्राद्ध असे काही निमित्त असेल तर ते पत्रात लिहिण्यास हरकत नसावी. जे अद्याप जुन्या करप्रणालीत आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की रोख दिलेली रक्कम दोन हजारांहून अधिक असेल तर तिच्यावर वजावट मिळत नाही, आणि पावती ३१ मार्चच्या आतील तारखेची लागते. नव्या प्रणालीत असलेल्यांना पावती जपण्याचीही गरज नाही. ती त्यांनी हवी तर मुलांना वाचावयास द्यावी.