ब्रेक सोडला तरी गाडी का अडते?

नळदुर्गचा किल्ला पाहून मुलांना घेऊन उमरग्याला परतत होतो. हायवेवर आमची जुनी मारुती ८०० अचानक जड चालू लागली. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक सणकून तापलेलं आणि जळका वास. अर्ध्या तासात चाक गार झालं, गाडी पुन्हा सुरळीत! इथंच माणूस फसतो. चाक असं तापत राहिलं तर ब्रेक ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते; मग पेडल खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. आधी एका गॅरेजमध्ये आमचे ब्रेक पॅड बदलून दिले होते. दोष पॅडमध्ये नव्हताच.

आठवीच्या ‘बल व दाब’ पाठात आपण वातावरणाचा दाब शिकवतो. पॉवर ब्रेकचा बूस्टर त्यावरच चालतो. पत्र्याच्या गोल डब्यात एक रबरी पडदा असतो. चालू इंजिन त्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतं. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास १८ सेमी धरा; क्षेत्रफळ सुमारे २५४ चौ.सेमी. दर चौ.सेमीला ०.७ किलोचा फरक मिळाला तरी पावणेदोनशे किलोंचा जोर! (हे गणित फळ्यावर द्याच, पोरं खूश होतात.) पाय काढल्यावर ही हवा बंद व्हायला हवी आणि दाबलेलं ऑइल माघारी यायला हवं. यातलं काहीही अडलं की ब्रेक धरून राहतो.

म्हणून पार्ट बदलण्याआधी दाब कुठं अडकलाय ते बघायचं. सगळी चाकं धरली असतील तर इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा. चाकं सुटली तर संशय बूस्टरवर. नाही सुटली तर मिस्त्रीला मास्टर सिलिंडरचे नट थोडे ढिले करायला सांगा. आता सुटली तर मधला दांडा जास्त पुढे आलाय.

एकच चाक धरत असेल तर गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकवर घ्या. गाडीखाली कुणी जायचं नाही. त्या चाकाचं एअर काढायचं निप्पल जरा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब नळीत अडकलाय. तरीही घट्टच असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना गंजल्यात.

आमच्या गाडीत रबरी होज निघाला. वरून धडधाकट, आतून फुगलेला. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जायचं, माघारी येताना अडायचं. होज बदलला, सगळं ब्रेक ऑइलही बदललं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि आतून गंज चढतो. दोन वर्षांनी बदलावंच. आणि टाकीत कमी दिसलं म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतत असेल तर त्याचा हात धरा. त्यानं सगळी रबरी सीलं फुगतात आणि चारही चाकं धरतात.